अधिक-उणे बावीस

माझ्या यंत्राचं उद्घाटन ज्या मंत्र्यांनी केलं, त्यांना बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आणि पोलाद यांतला फरक ठाऊक नव्हता. त्याचं मला काही वाटलं नसतं, बहुतेकांना तो ठाऊक नसतोच. पण त्यांनी भाषणात ‘हे यंत्र प्रत्येक अणूला त्याचं गोत्र विचारील’ असं वाक्य टाकलं आणि समोरच्या दोनशे शिकलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यात शास्त्रज्ञ होते, बंदराचे अधिकारी होते, दोन परदेशी वकिलातींची माणसं होती. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांना नावं ठेवणार आहे.

मी राजमती मगदूम. वय अठ्ठावन्न. पुण्यात धातूंवर काम करणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत माझी एकतीस वर्षं गेली. लग्न केलं नाही, त्याची खंतही नाही. माहेर कोल्हापूरचं. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, शिरोलीला ओतकामाचा कारखाना काढला होता, तो त्यांच्यामागे माझा धाकटा भाऊ जिनपाल चालवत होता. मला धातूंचा नाद लागला तो त्या कारखान्यातच.

यंत्राचं नाव मूळवेध. मी ते जकातीसाठी बनवलं नव्हतं. जुन्या पंचधातूच्या मूर्तींमधलं तांबं कुठल्या खाणीतलं, हे मला शोधायचं होतं. युक्ती साधी आहे. जवळजवळ प्रत्येक धातूत शिशाचा अतिसूक्ष्म अंश असतो. शिशाचे अणू चार वजनांचे असतात, आणि त्या चौघांचं एकमेकांशी प्रमाण किती, हे तो खडक पृथ्वीच्या पोटात कधी आणि कशाच्या शेजारी तयार झाला यावर ठरतं. खनिज भट्टीत वितळवा, ठोका, हजार वर्षं पुरून ठेवा, ते प्रमाण बदलत नाही. मूळवेध धातूवर लेसरचा एक टिपका मारतो, केसाच्या जाडीएवढा कण वाफ होऊन उडतो, ती वाफ चुंबकामधून जाते, हलके अणू जास्त वळतात, जड कमी वळतात, आणि पलीकडे त्यांची मोजणी होते. मग जगभरच्या साठ हजार खनिजांच्या नोंदींशी ताळा. अकरा सेकंदांत उत्तर.

मूर्ती राहिल्या बाजूला. त्या सुमाराला पश्चिम संघाने, म्हणजे एकाच जकातीच्या भिंतीआड जाऊन बसलेल्या एकोणीस देशांनी, आपला माल घेण्यासाठी नवी अट घातली होती. माल कुठे तयार झाला हे त्यांना पुरेसं नव्हतं, त्यातला धातू मुळात कुठल्या जमिनीतला हे हवं होतं. ज्या देशांशी त्यांचं बिनसलं होतं त्यांची त्यांनी एक ‘वर्जित’ यादी केली होती. मालात वर्जित धातू पंचवीस टक्क्यांच्या वर गेला तर एकशेऐंशी टक्के आयात शुल्क. खाली राहिला तर चार टक्के. कागदपत्रं खोटी करता येतात, अणू खोटे करता येत नाहीत, असं त्यांच्यापैकी कुणीतरी म्हटलं. आमच्या लोकांना ते वाक्य फार आवडलं. ‘आमच्याकडे असं यंत्र आहे,’ ते छाती काढून म्हणाले, आणि उगम करार झाला. आपल्याच मालाच्या गळ्यात घालायचा फास आपण स्वतः वळून दिला, आणि वर त्याचं पेटंट आपल्याकडे आहे म्हणून पेढे वाटले.

एक अडचण होती. ती मी बैठकीत सांगितली.

“मूर्तीत एका नाहीतर दोन खाणींचं तांबं असतं. तिथे यंत्राचं उत्तर नेमकं येतं. पण आपलं बीड भंगारातून होतं. जुन्या गाड्या, रेल्वेचे रूळ, शिलाई मशीनं, फुटलेले पाइप. तीस-चाळीस खाणींचं लोखंड एकत्र. असल्या खिचडीत कुठला दाणा कुठल्या शेतातला, याची एकाहून जास्त उत्तरं निघतात. यंत्र अडतीस टक्के म्हणतं तेव्हा शेजारी अधिक-उणे बावीसही म्हणतं.”

“म्हणजे?” वाणिज्य खात्याचे सहसचिव निरंजन कोरडे यांनी विचारलं. गोरा, नीटनेटका माणूस. त्यांच्या टेबलावर कधी कागद नसे, ही त्यांची हुशारी समजली जाई.

“म्हणजे वर्जित लोखंड सोळा टक्के असेल किंवा साठ असेल. म्हणजे ठाऊक नाही.”

“डॉक्टर,” कोरडे हसले, “दार उघडायचं की बंद ठेवायचं, एवढंच शिपायाला सांगायचं असतं. ते अधिक-उणे पडद्यावरून काढून टाका.”

‘ठाऊक नाही’ हे विज्ञानातलं सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे, आणि सरकारी फॉर्मवर त्याला रकाना नसतो. मी निषेधाची टीप लिहिली, फाइलला लावली आणि मग आदेशावर सही केली. बदल्यात चाळीस यंत्रांची मागणी, प्रयोगशाळेला नवी इमारत, आणि मला संचालकपद. टीप फाइलला लावली की माणसाला स्वच्छ वाटतं. जग सहीवर चालतं.

मूळवेध बंदरावर बसल्यापासून पाचव्या आठवड्यात जिनपालचा फोन आला. तो शहरी बसगाड्यांच्या ब्रेक डिस्क बनवायचा. दहा वर्षं त्याचा माल संघातल्या एकाच कंपनीकडे जात होता आणि दहा वर्षांत एक डिस्क परत आली नव्हती.

“आक्का, तुझं मशीन म्हणालंय, माझ्या बिडात अडतीस टक्के शत्रूचं लोखंड आहे.”

“वर्जित म्हणतात. शत्रू नाही.”

“काय म्हणायचं ते म्हण. एकशेऐंशी टक्के लावलेत. माझं भंगार कुठनं येतंय ठाऊक आहे का तुला? त्यांच्याच बंदरातनं येतंय. त्यांच्याच मोडक्या गाड्या, दाबून चौकोन केलेल्या.”

त्याचं खरं होतं. तीस वर्षांपूर्वी संघाने ते लोखंड त्या वर्जित देशांकडूनच हौसेने घेतलं होतं. तेव्हा त्यांची मैत्री होती. त्याच्या गाड्या केल्या, फिरवल्या, मोडल्या, आम्हाला विकल्या. आता तेच लोखंड परत दारात आलं की ते नाकाला रुमाल लावत होते.

“खरं सांग,” जिनपाल म्हणाला, “अडतीस बरोबर आहे?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आक्का?”

“अधिक-उणे बावीस.”

“मग तसं लिहून दे की मला.”

“लिहून देता येत नाही रे. गोपनीयतेची सही आहे. पण पुढच्या आठवड्यात दिल्लीत बोलणी आहेत, मी शिष्टमंडळात आहे. तिथे मांडते.”

“एकशेदहा माणसं आहेत माझ्याकडे.”

“मांडते म्हटलं ना.”

दिल्लीतली ती बोलणी मी जन्मात विसरणार नाही. पहिला दिवस ‘वस्तू’ या शब्दाची व्याख्या करण्यात गेला. दुसऱ्या दिवशी स्क्रू ही वस्तू की वस्तूचा भाग, यावर जेवणापर्यंत वाद झाला, आणि जेवण इतकं चांगलं होतं की त्यानंतर वाद कुणालाच आठवेना. दोन्हीकडची माणसं एकाच साच्यातून ओतल्यासारखी होती. मऊ हात, हळू आवाज. एखादा जिल्हा उपाशी पडेल असं वाक्य ते पाणी मागावं तसं बोलायचे.

आणि दोघांचीही आपापल्या घरी मर्दुमकी चालू होती. आपण चिडलो आहोत हे दाखवायला सरकारने त्यांच्या पवनचक्क्यांचे पोलादी खांब मूळवेधाखाली धरले. त्यातही वर्जित धातू निघाला, निघणारच होता. खांब कोकणच्या किनाऱ्यावर पडून राहिले. संघाने राजदूत परत बोलावला. नऊ दिवसांनी पाठवून दिला. त्या नऊ दिवसांत दोन्हीकडच्या वाहिन्यांनी युद्धाची गाणी वाजवली, आणि ज्या गावांना त्या पवनचक्क्यांची वीज मिळायची होती त्यांना त्या गाण्यांपुरतीही वीज मिळाली नाही.

तिसऱ्या दिवशी मी कोरड्यांना गाठलं. एकाच डिस्कची चारशे वेळा केलेली तपासणी मी बरोबर नेली होती. उत्तरं सतरापासून एकोणसाठपर्यंत. माल एकच, यंत्र एकच. कोरड्यांनी कागद उभ्याउभ्याच वाचला आणि त्यांचे डोळे चमकले.

“हे तर सोनं आहे, डॉक्टर.”

मला वाटलं, कळलं बुवा यांना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संघाच्या प्रमुखांशी वेगळी बैठक ठरवली. हाल्वर्सन नावाचे उंच, थकलेल्या चेहऱ्याचे गृहस्थ होते ते. मला कागद समजावून सांगायला नेलं होतं. हाल्वर्सननी दोन पानं पाहिली, चष्मा काढला आणि पुसत म्हणाले, “आमच्या प्रयोगशाळेने हेच सांगितलं होतं. मागच्या वर्षी.”

त्यांनी कागद परत आमच्याकडे सरकवला. मग कोरडे अतिशय गोडपणे म्हणाले, “हे उघड झालं तर दोघांचीही पंचाईत आहे. आम्ही ते न मांडण्याचं ठरवू शकतो.”

वीस मिनिटांत सौदा झाला. आमच्या बाजूने अधिक-उण्याचा विषय कधीही काढायचा नाही. त्यांच्या बाजूने अ‍ॅल्युमिनियमवरचं शुल्क माफ, जे आपल्याकडे एकच मोठं घराणं बनवतं, आणि तीन हजार इंजिनियरांना व्हिसा. माझ्या बावीस टक्क्यांना भाव चांगला आला होता.

बाहेर पडताना मी म्हटलं, “आकडा खोटाच राहिला.”

“खोटा नाही, मॅडम. मान्य झालेला आकडा आहे तो.”

“आणि बीड?”

“बीड पुढच्या फेरीत.” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “तुम्ही देशाचं फार मोठं काम केलंत.”

मी त्या माणसाच्या तोंडावर काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “थँक यू.” एकतीस वर्षांच्या नोकरीने जीभ तशीच वळवून ठेवली होती.

जिनपालला फोन करून ‘पुढच्या फेरीत’ म्हणून सांगितलं. तो फक्त “बरं” म्हणाला. त्यानंतर दोन महिने त्याचा फोन आला नाही, आणि मला बरं वाटलं, हेही सांगते.

मग शिरोलीचा माल पास व्हायला लागला. आधी जिनपालचा, मग शेजारच्या चार कारखान्यांचा, मग सगळ्यांचा. वर्जित धातू शून्य. शंभर टक्के मान्य खाणींचं लोखंड. कोरड्यांनी प्रयोगशाळेत मिठाई पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘उद्योग अखेर शिस्तीला लागला.’

भंगाराच्या बिडात शंभर टक्के? मी पडद्यावरचं उत्तर सोडून आतली कच्ची मोजणी उघडली. इथे तर अधिक-उणे फक्त एक होतं. पडद्यावरून अधिक-उणे काढून टाकल्यावरच नेमका आकडा मिळाला होता. शेजारी शिशाचं प्रमाण होतं. नेहमीच्या बारापट. आणि ते सगळं शिसं एकाच खाणीतलं, मान्य यादीतल्या.

मूळवेध लोखंड वाचतच नाही. तो लोखंडातल्या शिशाची साक्ष घेतो आणि त्यावरून लोखंडाचं गाव ओळखतो. ग्रामसभेत शंभर माणसं बोलत असताना एकाच्या हातात लाऊडस्पीकर दिला, तर बाहेर त्या एकाचंच म्हणणं ऐकू येईल. कुणीतरी भट्टीत मान्य खाणीचं शिसं टाकत होतं. टनाला चिमूटभर पुरे होतं.

पण चिमूटभर शिशाने बिडाचं काय होतं, हे ओतकाम करणाऱ्या कुणालाही विचारा. चांगल्या बिडात कार्बन पातळ पाकळ्यांसारखा पसरलेला असतो. एक लाख भागांत पाच-सहा भाग शिसं गेलं की त्या पाकळ्यांना काटे फुटतात. काटे एकमेकांना भिडतात, आणि त्यांच्या रेषेने धातू फाटतो. वरून काही दिसत नाही. वजन तेच, चकाकी तीच. ब्रेक डिस्क तापते, थंड होते, तापते, थंड होते, आणि एखाद्या उतारावर तिचे तुकडे होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी शिरोलीला पोचले. जिनपाल बँकेत गेला होता. भट्टीवर अन्सार मुजावर उभा होता. साठीचा माणूस, आप्पांच्या वेळेपासून लोखंड वितळवणारा. रंगावरून तापमान सांगायचा आणि दहा अंशांच्या वर चुकायचा नाही. मी त्याला लहानपणापासून ओळखते.

“बाईसाहेब! कवा आलासा?”

त्याच्या शेजारच्या लाकडी खोक्यात चंदेरी पुड्या होत्या. शंभर ग्रॅमच्या. वर एक कमळ आणि खाली नाव छापलेलं, ‘शुद्धी’.

“हे काय आहे, मुजावर?”

“सायबांनी दिलंय. टनाला एक पुडी. टाकली की माल पास.” तो हसला. “आता समदेच टाकत्यात. सांगलीकडनं येतंय.”

तो हसला तेव्हा मला त्याच्या हिरड्या दिसल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ उठली होती, पेन्सिलीने ओढल्यासारखी. वितळत्या लोखंडावर शिसं टाकलं की अर्धंअधिक धूर होऊन उडतं. तो धूर हा माणूस दोन महिने गिळत होता.

“पोटात दुखतं?”

“मुरडा येतोय अधनंमधनं. गॅस असंल.”

“गॅस नाही. भट्टी बंद कर आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. रक्तातलं शिसं तपासायला सांग.” मी चिठ्ठी लिहून दिली. तो घुटमळला, मग माझ्या तोंडाकडे पाहून गेला.

मी पाठवणीच्या ढिगातली एक डिस्क ओढून काढली आणि हातोडा मागितला. चांगली डिस्क हातोडा बसला की घंटेसारखी वाजते. ही फुटक्या मडक्यासारखी बोलली. दुसऱ्या घावाला तिचे तीन तुकडे झाले. तोपर्यंत जिनपाल दारात येऊन उभा राहिला होता.

“किती गेल्या अशा?” मी विचारलं.

“अकरा कंटेनर. सगळे एकाच जहाजावर, ते परवा सुटलं.”

“बसच्या डिस्क आहेत त्या. माणसं बसतात त्यात.”

“आणि हितं कोण बसतंय?” त्याने कारखान्याकडे हात केला. माणसं काम थांबवून बघत होती.

“तुला शिशाचं ठाऊक नव्हतं?”

त्याने हातातली बँकेची फाइल खोक्यावर ठेवली. मग म्हणाला, “भंगारात बॅटरीचा तुकडा आला तर आप्पा अख्खी भट्टी रिकामी करायचे. मला ठाऊक नसंल होय?”

“मग?”

“मग तूच सांग. मी खरं लोखंड दिलं, तर तुझं मशीन खोटं बोललं. खोटं लोखंड दिलं, तर त्याच मशीननं मला शाबासकी दिली. मी कुणाचं ऐकायचं, आक्का?”

याचं उत्तर ज्यांच्याजवळ असायला हवं होतं त्यांनी ते अ‍ॅल्युमिनियमच्या बदल्यात दिलं होतं, आणि तो कागद त्यांच्या हातात मीच ठेवला होता.

“खरेदीदाराला आज फोन कर,” मी म्हटलं. “जहाज पोचायला तीन आठवडे आहेत. डिस्क बसवू नका म्हणून सांग. कारण काहीही दे.”

“फोन केला तर कारखाना गेला.”

“उद्या दुपारपर्यंत नाही केलास तर मी करेन.”

“कर की.” त्याने तुटक्या डिस्कचा तुकडा पायाने बाजूला सारला. “तू काय, सही करून मोकळी. आजवर तेच केलंस.”

तुटक्या डिस्कचा एक तुकडा पिशवीत घालून पुण्याला परतले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला फोन लावला, त्याने उचलला नाही. मग रीत म्हणून मी आधी कोरड्यांना कळवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

“गुरुवारी पुढच्या कराराच्या सह्या आहेत,” ते म्हणाले. “यंत्र शंभर टक्के म्हणतंय. ते खूश आहेत, आपण खूश आहोत. यात शिसं कुणाला हवंय?”

“ब्रेक तुटतील.”

“तो दर्जाचा प्रश्न झाला. जकातीचा नाही. ते खातं वेगळं आहे.”

“माणसं मरतील, कोरडेसाहेब.”

“त्यांची,” कोरडे म्हणाले. मग स्वतःलाच ते बरं वाटलं नसावं, कारण लगेच त्यांनी जोडलं, “म्हणजे, तशी शक्यता मांडायला एक समिती नेमता येईल. गुरुवारनंतर.”

मी फोन ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला त्या माणसाचा राग आला नाही. रागासाठी समोर कुणीतरी असावं लागतं.

खरेदीदार कंपनीत माल तपासणाऱ्या विभागाच्या प्रमुख इंगा फोल्कमान नावाच्या बाई होत्या. मी त्यांना तुटक्या डिस्कचे सूक्ष्मदर्शकातले फोटो पाठवले, काटे फुटलेल्या पाकळ्यांचे, आणि सोबत शिशाची मोजणी. अर्ध्या तासात त्यांचा फोन आला. त्यांचा आवाज कोरडा होता, पण त्यांनी विचारलेले पाचही प्रश्न नेमके होते. त्या सगळ्या प्रकरणात मुजावरनंतर मला भेटलेलं, आपलं काम नीट येणारं ते दुसरं माणूस.

शेवटी त्यांनी विचारलं, “कारखाना कुणाचा?”

“मगदूम.”

“आणि तुमचं आडनाव?”

“तेच.”

पलीकडे कीबोर्ड वाजला. “कंटेनर उघडणार नाही,” त्या म्हणाल्या. “डिस्क थेट भट्टीत जातील.”

पुढचं थोडक्यात सांगते. अकराही कंटेनरांतल्या डिस्क त्यांच्या बंदरावरूनच थेट भट्टीत गेल्या. गुरुवारी सह्या ठरल्या वेळी झाल्या. करारात फक्त एक पुरवणी वाढली, की यापुढे मालातलं शिसं मोजायला दुसरं यंत्र बसवावं. त्या यंत्राची किंमत कारखान्यांनी भरायची. अधिक-उणे कुठेही आलं नाही. कोरडे संघाच्या राजधानीत राजदूत म्हणून गेले. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला, मऊ हात पुढे केलेला. शुद्धी बनवणाऱ्याने महिन्याभरात नवी पुडी बाजारात आणली, ‘शिसेमुक्त शुद्धी’. दुसऱ्या कुठल्याशा धातूची, ज्याचे अणू मूळवेधाला वजनाने शिशासारखेच वाटतात. त्याने बिडाचं काय होतं याची परीक्षा अजून कुणी केलेली नाही. मी विचारणा केली होती. उत्तर आलं की मी आता त्या पदावर नाही.

ते खरं होतं. गोपनीयता मोडली म्हणून मला निलंबित केलं, मग मुदतीआधी घरी पाठवलं. माझ्या दाराची पाटी काढताना शिपायाचा स्क्रू-ड्रायव्हर सापडेना, म्हणून मीच ड्रॉवरमधून काढून दिला.

मुजावर तीन आठवडे दवाखान्यात होता. रक्तातलं शिसं उतरलं, हाताची थरथर तेवढी राहिली. मी भेटायला गेले तेव्हा तो उठून बसला. “बाईसाहेब, वाईट वाटून घेऊ नगा,” तो म्हणाला, “पण पोट दुखत हुतं तवा पगार तरी हुता.”

जिनपालला फसवणुकीच्या गुन्ह्यात धरलं. नऊ दिवसांनी जामीन झाला. कारखान्याला कुलूप लागलं. शेजारच्या ज्या कारखान्यांनी तीच पुडी टाकली होती, त्यांच्याविरुद्ध तक्रार करायला त्यांच्या बहिणी नव्हत्या. ते चालू राहिले.

चार महिन्यांनी मी कोल्हापूरला भावाच्या घरी गेले. कळवलं नव्हतं. दुपारचे बारा वाजले होते. दार त्रिशलाने, जिनपालच्या बायकोने उघडलं. तिने पाणी दिलं आणि आत गेली. जिनपाल खुर्चीत बसला होता. वजन उतरलं होतं. समोरच्या टेबलावर दुसऱ्या कुणाच्या तरी कारखान्याच्या मालाचे कॅटलॉग पडले होते. आता तो तेच विकत फिरत होता.

कॅटलॉग गोळा करत तो म्हणाला, “एक विचारू, आक्का?”

“विचार.”

“कोण मेलं?”

मला कळलं नाही.

“त्या डिस्कनी. कुठलीतरी बस उलटली? कुणाचा पाय गेला? तू एकशेदहा माणसं घरी बसवलीस, मला कोठडीत पाठवलंस. कुणासाठी? एक नाव सांग. एकच.”

“नाही सांगता येत.”

“का?”

“कारण कुणी मेलं नाही.”

“तेच म्हणतोय मी,” तो म्हणाला.

स्वयंपाकघरातून ताटं मांडल्याचा आवाज आला. त्रिशलाने दोघांनाही हाक मारली. आम्ही समोरासमोर बसलो. तिने भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. मी एक भाकरी खाल्ली आणि हात आखडता घेतला. जिनपालने ते पाहिलं. लहानपणी माझ्या ताटातला गूळ पळवायचा तो. आता त्याने भाताचं पातेलं माझ्याकडे सरकवलं, आणि पहिल्यांदाच घरी आलेल्या परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने म्हणाला,

“घ्या की. लाजू नका.”